साडेतीन टनांच्या आत

परदेशवारीचा लेख म्हटलं की त्यात डोंगर, तळी, किल्ले आणि शेवटी 'पण आपला वरणभात तो वरणभात' एवढं असावं लागतं. स्कॉटलंडमध्ये डोंगर-तळी भरपूर आहेत, त्यांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकून झालेत आणि वरणभात आम्ही तिथेही रोज खाल्ला. मला लिहायचंय ते किलोंबद्दल. मी बँकेत तीस वर्षं काढली, आकडे जुळेपर्यंत उठायचं नाही ही सवय अजून गेलेली नाही, तेव्हा लेखात आकडे येतील. तरुण मंडळींनी ते गाळून वाचू नयेत. तुमच्यातले निम्मे शिकायला नाही तर नोकरीला बाहेर जाणार, आणि आईबाबा भेटायला आले की कधीतरी अशी गाडी काढणारच.

माझी धाकटी बहीण इंग्लंडच्या मध्य भागात राहते, २००३ पासून. तिने आणि मेहुण्यांनी एक वापरलेली मोटरहोम घेतली. म्हणजे चाकांवरचं घर. फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली, सात मीटर लांब. आत सहा जणांची झोपायची सोय, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास. गेल्या उन्हाळ्यात आई आणि मी वडोदऱ्याहून तिकडे गेलो. बाबा गेल्यानंतरचा आईचा हा पहिला प्रवास. वय ७८. बहिणीने ठरवलं होतं की आईला हॉटेलातून हॉटेलात बॅगा ओढत न्यायचं नाही, घरच बरोबर न्यायचं. बेत छानच होता, पण घर बरोबर न्यायचं म्हणजे त्याचं वजनही बरोबर आलं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीपाशी किंवा बॉनेटखाली अशा गाडीवर एक लहानशी पाटी असते. आमच्या पाटीवर गाडीचं भरलेलं जास्तीत जास्त वजन ३,५०० किलो, पुढच्या आसावर १,८५०, मागच्या आसावर २,००० असे आकडे होते. पुढचा आणि मागचा मिळून ३,८५० होतात, मग एकूण ३,५०० कसे, असं भाच्याने लगेच विचारलं. दोन्ही आस एकाच वेळी पूर्ण भरायचे नसतात. भार थोडा पुढेमागे झाला तरी आस तुटू नये म्हणून ती मोकळीक आहे. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादेबाहेर असू शकतो, आणि तोही गुन्हाच.

आईला हे समजवायला मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "म्हणजे वाघिणीवर लिहितात तसं." बाबा प्रतापनगरला रेल्वेच्या मालकचेरीत होते. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीवर रिकामं वजन आणि किती माल घालायचा ते रंगवलेलं असतं. आमच्या लहानपणी फाटकात थांबलो की बाबा ते वाचून दाखवायचे. डभोई-मियागावची गायकवाडी रेल्वे १८६२ साली सुरू झाली तेव्हा तिच्या डब्यांना बैल जुंपले होते, हीसुद्धा त्यांची आवडती गोष्ट. रूळ इतके हलके टाकले होते की त्यांना इंजिनाचं वजन पेलेना. पुढे १८७३ साली जड रूळ घातल्यावर इंजिनं नियमाने धावू लागली. वडोदऱ्याच्या माणसाला वजनाची मर्यादा नवी नाही.

साडेतीन टनच का, तर लायसन्समुळे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ च्या आधी ज्यांनी कारची परीक्षा दिली त्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते, सत्तरीपर्यंत तरी. त्यानंतरच्यांना साध्या लायसन्सवर साडेतीन. बहीण-मेहुणे नंतरचे. काही गाड्यांची पाटी बदलून मर्यादा वाढवून घेता येते, पण मग तेच चालवायला वेगळी परीक्षा द्यावी लागते. प्रत्येक देशाचं गणित निराळं आहे. ऑस्ट्रेलियात साध्या कारच्या लायसन्सवर साडेचार टन, न्यूझीलंडमध्ये सहा टन. त्यामुळे "माझा मित्र ऑकलंडला चालवतो" हा पुरावा मँचेस्टरला चालत नाही.

आता पेलोड, म्हणजे पाटीवरच्या मर्यादेतून गाडीचं स्वतःचं वजन वजा करून जे उरतं ते. कागदावर आमच्या गाडीचं तयार वजन ३,०४० होतं. त्यात ७५ किलोंचा एक ड्रायव्हर, जवळजवळ भरलेली डिझेलची टाकी, गॅस आणि थोडं पाणी धरलेलं असतं. म्हणजे ४६० किलो शिल्लक. ऐकायला भरपूर वाटतं. पण आधीच्या मालकाने हौसेने बसवलेल्या वस्तू कागदात नव्हत्या. बाजूला उघडणारं कापडी छत ३२ किलो, दुसरी बॅटरी २४, सोलर पॅनेल १४, मागचा सायकल अडकवायचा सांगाडा १६. हे झाले ८६. शिवाय मेहुणे ७५ नव्हे, ८२ किलोंचे आहेत. आणि कारखान्याच्या आकड्यात पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत असतं. म्हणून मी म्हटलं, आधी रिकामी गाडी काट्यावर घालू.

आपल्याकडे हमरस्त्यावर दर काही मैलांवर वजनकाटा असतो. इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी त्याला धर्मकाटा म्हणतात, आणि मला ते नाव जास्त आवडतं. तिकडेही सार्वजनिक काटे आहेत, खडी-वाळूच्या आवारात नाहीतर ट्रकवाल्यांच्या तळावर. थोडे पौंड द्यायचे, छापील पावती मिळते. आमच्या काट्यावरचा आकडा वीस-वीस किलोंनी सरकत होता, म्हणजे दहा किलो इकडेतिकडे समजून चालायचं. मेहुणे एकटे आत, डिझेल पूर्ण, पाणी २० लिटर. आकडा आला ३,१६०. कागदाच्या हिशेबाने ३,१३३ यायला हवा होता.

उरले ३४० किलो. बहीण ५८, भाचा ७१, आई ५२, मी ६४. बेरीज २४५. उरले ९५. पाण्याची टाकी शंभर लिटरची. पाण्याचं गणित सोपं, लिटरला किलो. वीस लिटर आधीच धरलेत, टाकी पूर्ण भरली तर आणखी ८०.

उरले पंधरा किलो.

पाच माणसांचे कपडे, पांघरुणं, भांडीकुंडी, शिधा, खुर्च्या, विजेची लांब केबल, पाण्याचा पाइप, चाकाखाली घालायच्या उतरत्या पाट्या आणि दोन सायकली, या सगळ्याला मिळून पंधरा किलो. विमानात एका बॅगेला २३ देतात! विकणाऱ्याने ही गाडी 'सहा जणांची' म्हणून विकली होती. झोपायच्या जागा सहा आहेत हे खरंच. पण ड्रायव्हरशिवाय पाच जण ७५ किलोंनी धरले तर ३७५ होतात, म्हणजे सहा माणसं नुसती अंगावरच्या कपड्यांनिशी बसली तरी ही गाडी मर्यादेबाहेर जाते. तुम्ही भाड्याने घेतलीत तरी हे आधी विचारा. किती जण झोपतात ते नंतर. जादा वजनाचा जाब रस्त्यावर ड्रायव्हरला द्यावा लागतो, भाड्याने देणाऱ्याला नाही.

मेहुण्यांचं म्हणणं, थोडं जास्त झालं तर कोण बघतंय. प्रवासाच्या आदल्या शनिवारी सगळं भरून, पाचही जण आत बसून, पाणी पूर्ण भरून आम्ही परत काट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. आकडे आले पुढे १,६००, मागे २,०४०, एकूण ३,६४०. एकूण १४० किलो जास्त आणि मागचा आस ४० किलो जास्त. "चारच टक्के," मेहुणे म्हणाले. बहीण गप्प होती. तिच्या गप्पपणाचा अर्थ त्यांना कळतो.

चार टक्क्यांनी काय होतं? दंड तर आहेच, तिथे प्रमाण बघून शंभर ते तीनशे पौंड, त्यापलीकडे कोर्ट. वजन उतरवेपर्यंत गाडी जागची हलू देत नाहीत, म्हणजे आईला रस्त्याकडेला बसवून सामान कुठे ठेवायचं ते शोधा. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. पण मला त्याहून काळजी टायरची होती. मागच्या टायरांत साडेपाच बार हवा भरतात, आपल्या कारच्या दुपटीहून जास्त, आणि प्रत्येक टायरला किती भार पेलायचा ते ठरलेलं असतं. जास्त भाराने टायर तापतो, आणि तापलेला टायर तासाला शंभर किलोमीटरवर काय करतो ते हालोल रस्त्यावर ट्रकांच्या टायरचे जे काळे तुकडे पडलेले असतात त्यावरून आपल्याला माहीत आहे. ब्रेक लागायलाही जास्त अंतर लागतं. पाटीवरचा आकडा ब्रेक, आस, स्प्रिंग, टायर सगळं धरून काढलेला असतो.

मागच्या आसाचं कोडं भाच्याने सोडवलं. सायकली आणि सांगाडा मिळून ४६ किलो. पण हे वजन मागच्या चाकांच्याही अडीच मीटर मागे टांगलेलं. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर चार मीटर. तरफेच्या नियमाने मागच्या आसावर ४६ नाही, जवळजवळ ७५ किलो पडतात, आणि पुढचा आस २९ किलोंनी उचलला जातो. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि वळतेही पुढच्या चाकांवर, तेव्हा पुढचं हलकं होणं बरं नाही. हे ऐकून आई म्हणाली, "उलाळ झाली म्हणा ना." बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की ती उलाळ, पुढे जास्त झालं की धुरजड. भाच्याने दोन्ही शब्द वहीत लिहून घेतले. पंधरा वर्षं शनिवारी मराठी शाळेत जाऊनही हे शब्द त्याला भेटले नव्हते. आमच्या वडोदऱ्यातल्या मुलांनाही भेटलेले नाहीत, म्हणून इथे लिहिले.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर यादी झाली. मेहुणे सांगत होते, भाचा लिहीत होता. पाणी ८०. सायकली ३०. सांगाडा १६. गॅसची दुसरी टाकी १५. स्वयंपाकाचा खोका ३४. त्याच कागदावर वरच्या बाजूला माणसं होती. मम्मी ५८, मावशी ६४, आजी ५२. आई समोर बसून शेंगा सोलत होती. कोणी काही वावगं बोललं नाही. पण यादी मराठीत होती आणि आईला वाचता येतं.

सकाळी चहाला ती म्हणाली, "मी इथेच राहते. तुमचं घर बघते, झाडांना पाणी घालते. बावन्न किलो सुटतील."

आवाजात रुसवा नव्हता, हे मला जास्त लागलं. तिने रात्रभर हिशेब केला होता आणि तो तिला पटला होता. या वयाच्या बायकांना घरातलं ओझं कमी करायचं म्हटलं की पहिलं नाव स्वतःचं सुचतं. बाबांच्या आजारपणात ती स्वतःची औषधं अशीच 'पुढच्या महिन्यात' ढकलायची. बहिणीचे डोळे भरले, मेहुणे उठून खिडकीशी गेले. मला वाटतं, त्या क्षणी आम्ही मोठी माणसं काहीतरी गोड बोललो असतो आणि आईने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं.

भाचा वही घेऊन आला. "आजी, तू राहिलीस तरी ८८ जास्तच राहतात. उपयोग नाही." आणि त्याने आकडेमोड तिच्यापुढे ठेवली. आईने चष्मा लावला, वजाबाकी तपासली. "आणि पाणी?" तिने विचारलं. पाणी ओतलं तर ८०. "मग पाणी ओता. मला का बसवता घरी?" मग भाचा उठून बाहेर गेला आणि मागच्या सायकली खोलू लागला. त्यातली एक त्याने सुट्टीत काम करून घेतलेली होती. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, म्हणून मीही इथे जास्त लिहीत नाही.

पाणी ओतणं हाच सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सोपा उपाय. चहापुरतं वीस लिटर घेऊन निघायचं, मुक्कामाच्या तळावर नळ असतो तिथे टाकी भरायची, सकाळी निघताना रिकामी करायची. एक लक्षात ठेवा. पाणी वापरलं म्हणजे गाडी हलकी होत नाही. भांडी धुतलेलं पाणी खालच्या टाकीत जमा होतं, संडासाचं संडासाच्या पेटीत. नेमलेल्या जागी ओतून येईपर्यंत ते तुमच्याबरोबरच प्रवास करतं.

गॅसची दुसरी टाकी घरी. दहा दिवसांना एक पुरते, तीही उरली. भाच्याचे दहा किलोंचे डंबेल्स मागच्या कप्प्यात निघाले, ते कोणी आणि का ठेवले यावर मी बोलणार नाही. मेहुण्यांच्या हत्यारांच्या पेटीतून सात किलो कमी झाले.

राहिला स्वयंपाकाचा खोका. त्यात दहा किलो कणीक होती, पाच किलो तांदूळ, लोणच्याची चिनी मातीची बरणी, लोखंडी तवा, कुकर, दगडी खलबत्ता आणि वडोदऱ्याहून जपून आणलेला दोन किलो लीलो चिवडा. बहीण खोक्याला हात लावायला धजेना. आईने तो स्वतः उघडला. कणीक दोन किलो ठेवली, बाकी वाटेत मिळते. तांदूळ दोन किलो. लोणचं प्लास्टिकच्या लहान डब्यात गेलं. खलबत्ता काढताना हात थोडा थांबला, तो तिच्या सासूबाईंचा, तिनेच बहिणीला लग्नात दिलेला. "आलं किसून घालू," म्हणाली. तवा मात्र ठेवला. बिनतव्याची पोळी ती करणार नव्हती, आणि दोन किलोंसाठी कोणी तिच्याशी वाद घालणार नव्हतं. बावीस किलो कमी झाले. चिवड्यातलं काही कमी करायचा विषय निघाला नाही.

तिसऱ्यांदा काटा. पुढे १,५८०, मागे १,८८०, एकूण ३,४६०. चाळीस किलो मोकळे, आणि ते मुद्दाम मोकळे ठेवले. पावसात भिजलेलं कापडी छत, ओले टॉवेल, वाटेत घेतलेल्या वस्तू, सगळं वजनच असतं. मेहुण्यांनी पावती पाकिटात घातली आणि पुढचे दहा दिवस पेट्रोल पंपावरसुद्धा ती काढून बघत होते. निघताना 'चार टक्के' म्हणणारा माणूस ग्लेनकोच्या उतारावर म्हणाला, "गाडी कशी रुळावर असल्यासारखी उतरतेय." बाबा असते तर त्यांनी लगेच रुळाचं वजन विचारलं असतं.

आपल्याकडे हे सगळं परक्याचं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, अशा गाड्या इथेही दिसू लागतील. आणि तोवर आपली सात सीटची गाडी आहेच. सात माणसं, मागे बॅगा, छतावर कॅरिअर, त्यावर ताडपत्री, आणि नाशिकला जाताना वाटेत 'थोडी द्राक्षं घेऊ'. आरसी बुकात रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही छापलेली असतात. वजाबाकी करून बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहेत. तो ट्रकवाल्यांचा कायदा असं आपण समजतो. पण टायर फुटताना गाडी कोणती ते बघत नाही.

या वर्षीची यादी भाच्याने मेमध्येच ग्रुपवर टाकली. वेल्सला जायचंय म्हणे. त्यात खलबत्ता आधीच वगळलेला आहे आणि त्याची सायकल 'बघू' या सदरात आहे. आईच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय. डॉक्टरांनी विमानप्रवासाला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. यादीत 'आजी ५२' ही ओळ तशीच आहे. मी ती तिला वाचून दाखवली.

"एकावन्न झाले असतील आता," ती म्हणाली. "पण बावन्नच धरायला सांग. आणि ते दुसऱ्या कशात घालू नका म्हणावं."